तानपुऱ्यामागे बसून ऐकलेली ‘ताबुला रासा’

गेली चौतीस वर्षं मी तानपुऱ्याच्या साथीला बसते. आधी आमच्या बाईंच्या मागे बसायची, त्या गेल्यावर त्यांच्या शिष्यांच्या मागे. सांगलीत घरी सात-आठ मुली शिकायला येतात, त्यांनाही पहिले सहा महिने मी तानपुराच छेडायला लावते. हे आधी सांगितलं, कारण ज्या सीडीबद्दल लिहितेय ती पाश्चात्त्य संगीताची आहे आणि त्या संगीतात माझं रीतसर शिक्षण शून्य आहे. नोटेशन मला अडखळत वाचता येतं, तेही एका शिष्येनं शिकवलं म्हणून. पण ही सीडी गेल्या दीड वर्षात मी किमान साठ वेळा ऐकली असेल. तिच्यात मला जे ऐकू आलं ते तानपुऱ्यामागे बसणाऱ्याला चटकन कळावं असं आहे, म्हणून हा खटाटोप.

सीडीचं नाव ‘ताबुला रासा’. संगीतकार आर्वो पॅर्ट, देश एस्टोनिया, कंपनी जर्मनीची ईसीएम. निघाली 1984 साली. एकूण चार तुकडे, मिळून साधारण पंचावन्न मिनिटं. मला टपालखर्चासकट अडीच हजारांच्या आसपास पडली. एवढ्या पैशांत चांगल्या तारांचे बरेच संच येतात, त्यामुळे मागवताना हात आखडला होता हे खरं. आता विचाराल तर सांगेन, घ्या.

माझ्यापर्यंत हे संगीत आलं ते माझ्या एका शिष्येमुळे. ती शिकायला टॅलिनला, म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीला गेली. तिथून एका रात्री तिनं फोनवर एक दुवा पाठवला आणि लिहिलं, ‘ताई, हे तानपुऱ्यासारखं आहे, ऐका.’ मी भाजी चिरता चिरता फोन ओट्यावर ठेवून ऐकलं. सुरुवातीला काहीच नाही, मग कुठेतरी लांब व्हायोलिन घासल्याचा आवाज, मग पुन्हा काही नाही. दुसऱ्या तुकड्यात जरा जीव रमतोय तोवर मध्येच टूथपेस्टची जाहिरात. मी तिला ‘छान आहे गं’ असं कळवून टाकलं. खोटंच होतं ते, आणि तिलाही ते कळलं असणार. सुट्टीत आली तेव्हा तिनं तिची सीडी आणली, पंखा बंद करायला लावला आणि माझ्या भावाच्या जुन्या प्लेअरवर, दिवाणखान्याचं दार लावून, दुसरा तुकडा लावला. मे महिन्यातली सांगली, पंखा बंद. त्या पाच मिनिटांत घामाची आठवण मला एकदाही झाली नाही.

म्हणून पहिली सूचना ऐकण्याबद्दलच. हे फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. यात आवाज इतका खाली जातो की फोन तो पकडतच नाही, आणि खर्जाचं सगळं कामच नाहीसं होतं. साधा हेडफोन लावला तरी चालेल. फुकटच्या ॲपवर तर मुळीच नको. या माणसाच्या रचनेत शांततेची जागा मोजून ठेवलेली असते, त्या जागेत जाहिरात शिरली की रचना मोडते. मी स्वतः मागवलेली पहिली प्रत ओरखडा पडलेली आली, चौथ्या तुकड्यात अडकायची. दुकानाचं नाव लिहीत नाही. परत पाठवून दुसरी यायला तीन आठवडे लागले. सीडी हाती येताच शेवटपर्यंत एकदा वाजवून बघा, तिचा शेवट फार नाजूक आहे.

वरच्या वेष्टनावर चित्र नाही, नुसती अक्षरं. आत एक पुस्तिका आहे, तिच्यात वोल्फगांग सँडनर यांचा लेख आहे. तो मला जड गेला. शिष्येनं समजावून सांगितलं तेव्हा कुठे थोडाफार उतरला. संगीतकाराच्या आयुष्याबद्दल मला नंतर जे कळलं ते मात्र या सीडीशी इतकं चिकटलेलं आहे की सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पॅर्ट यांचा जन्म 11 सप्टेंबर 1935चा, पाइदे नावाच्या गावचा. आईबरोबर ते राकवेरे या गावी वाढले. घरात एक मोठा पियानो होता, पण त्याच्या मधल्या सप्तकांच्या पट्ट्या बिघडलेल्या. धड वाजायच्या त्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या. मुलगा त्याच दोन टोकांवर खेळायचा. हे वाचलं तेव्हा मी वाचता वाचता थांबले. ‘ताबुला रासा’ हा शेवटचा तुकडा सुरू होतो तो दोन व्हायोलिनांनी एकच सूर एकदम जोरात घेऊन, एकाचा अगदी वर आणि दुसऱ्याचा अगदी खाली, मधली जागा रिकामी. त्या पियानोचा आणि या सुरुवातीचा संबंध कुणी लावलाय का ते मला ठाऊक नाही. मला लावल्यावाचून राहवलं नाही.

त्याच गावच्या चौकात खांबावर लाउडस्पीकर होता, त्यावर रेडिओचा वाद्यवृंद लागायचा, आणि हा मुलगा सायकलवरून त्या चौकाला फेऱ्या मारत ऐकायचा. आज राकवेऱ्यात सायकल घेतलेल्या मुलाचा पुतळा आहे. पुढे टॅलिनच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, हाइनो एलर यांच्याकडे शिक्षण, 1963 साली पदवी. 1958 ते 1967 एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रणाची नोकरी. म्हणजे रोज आठ तास दुसऱ्याचा सूर कान देऊन ऐकायचा आणि नीट पकडायचा. साथीदाराचंच काम आहे हे एका अर्थी.

तेव्हा एस्टोनिया सोव्हिएत संघात. 1960 साली त्यांनी ‘नेक्रोलॉग’ नावाची रचना केली, ती पश्चिमेकडच्या नव्या बारा-सुरी पद्धतीची होती म्हणून वरून ताशेरे आले. 1968 साली ‘क्रेडो’ केली. तिच्यात गायकवृंद येशूवरच्या श्रद्धेचे शब्द उघडपणे गातो. वाद्यवृंद चालवणाऱ्या नीमे यार्वी यांनी ती टॅलिनमध्ये वाजवली आणि गदारोळ झाला. त्यानंतर पॅर्ट जवळजवळ गप्प झाले. 1971 सालची तिसरी सिंफनी सोडली तर आठ वर्षं स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नाही. वह्याच्या वह्या भरत होते, पण त्यात जुन्या ख्रिस्ती मठांतल्या एकसुरी पठणाचा अभ्यास होता, एकच ओळ, साथ नाही, ताल नाही. पाठ पालथी-उलटी करून घोटावी तसं ते ती ओळ लिहीत राहिले. या काळात त्यांनी ऑर्थोडॉक्स पंथाचा स्वीकार केला आणि नोरा यांच्याशी लग्न केलं.

आमच्या बाईंनी एकदा दोन वर्षं मैफल केली नव्हती. आवाज ठीक होता, प्रकृती ठीक होती. रोज पहाटे फक्त खर्ज लावायच्या, दीड-दोन तास. आम्हाला वाटायचं बाई खचल्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, ‘सा सापडत नाहीये.’ आठ वर्षं सा शोधणारा माणूस मला त्यामुळे परका वाटला नाही.

1976च्या उन्हाळ्यातली एक गोष्ट पॅर्ट यांनीच पुढे एका भाषणात सांगितली आहे. ते एका मठाच्या आवारात झुडपाच्या सावलीत बाकावर वही घेऊन बसले होते. दहाएक वर्षांची एक मुलगी आली, काय लिहिताय म्हणाली. ते म्हणाले, संगीत लिहायचा प्रयत्न करतोय, पण जमत नाहीये. त्यावर तिनं विचारलं, या न जमण्याबद्दल देवाचे आभार मानलेत का?

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांना वाट सापडली होती. ‘फ्यूर अलिना’ नावाची दोन पानांची पियानोची रचना, कुणा स्नेह्यांची मुलगी परदेशी गेली तिच्यासाठी केलेली. या पद्धतीला त्यांनी नाव दिलं तिंतिन्नाबुली, लॅटिनमध्ये छोट्या घंटा. ही पद्धत मी आमच्या मुलींना अशी समजावते. दोन आवाज घ्या. पहिला साध्या सरगमेवर चालतो, एकेक पायरी, उडी नाही. दुसऱ्याला फक्त तीन सुरांची मुभा: सा, ग आणि प. पहिला जिथे पाऊल टाकेल, तिथून जवळचा यांतला सूर दुसऱ्यानं धरायचा. वरचा की खालचा, हे आधी ठरवायचं आणि मग शेवटपर्यंत मोडायचं नाही. झालं. पहिला भटकतो, दुसरा घरी असतो, पण घरी बसून तो पावलागणिक सोबत करतो. नोरा पॅर्ट यांनी याला एक सूत्र दिलंय: एक अधिक एक बरोबर एक.

हे मी ऐकलं तेव्हा मला माझंच काम कुणीतरी कागदावर मांडून दाखवल्यासारखं झालं. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, जवारी (घोडीवर तार झणझणावी अशी केलेली बसण) नीट लागली असेल तर, आपण न छेडलेला गंधार वर येतो. स्वयंभू गंधार. सा आणि पंचम आपण मिळवलेले असतात, गंधार तार स्वतः देते. पॅर्ट यांच्या दुसऱ्या आवाजाला ज्या तीन सुरांची मुभा आहे तेच हे तीन. घंटेचा नाद ऐकता ऐकता त्या माणसाला जे मिळालं, ते आमच्याकडे भोपळ्यातून येतं. फरक आहे, आणि तो मोठा आहे: आमचा तानपुरा गायकाच्या प्रत्येक सुराला वेगळं उत्तर देत नाही, अखंड वाहत राहतो. यांचा दुसरा आवाज उठून गायकाच्या शेजारून चालतो. शिष्या म्हणाली होती ‘तानपुऱ्यासारखं आहे’, ते पूर्ण खरं नाही. पण तिनं तेवढं म्हटलं नसतं तर मी दार लावून बसले नसते.

आता सीडीवरचे तुकडे. पहिला आणि तिसरा एकच रचना आहे, ‘फ्रात्रेस’, दोन वेगवेगळ्या वाद्यमेळांसाठी. पहिल्यात गिडॉन क्रेमर यांचं व्हायोलिन आणि कीथ जॅरेट यांचा पियानो. जॅरेट हे जॅझमधले मोठे वादक, उपजेचे, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याचे राजे. इथे त्यांना उपजेला तसूभर जागा नाही, लिहिलंय तेवढंच वाजवायचं. त्यांनी ते इतक्या आज्ञाधारकपणे वाजवलंय की मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. क्रेमर मात्र खरवडून वाजवतात, गज तारेवर दाबून, आणि सुरुवातीची ती धावपळ मला अजूनही थोडी जास्त वाटते. मी या तुकड्यापेक्षा तिसरा जास्त ऐकते.

तिसऱ्यात बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे बारा चेलोवादक आहेत. चेलो म्हणजे उभं धरायचं मोठं, खर्जातलं व्हायोलिन. खाली सा आणि प पहिल्यापासून अखेरपर्यंत धरलेले, अक्षरशः तानपुरा. सा म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. वर जे सूर चालतात ते त्या सा पासून मोजले तर कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. मी वहीत लिहून काढले आणि बघतच राहिले: बसंत मुखारी रागाचे सूर. राग मुळीच नाही, चलन नाही, पकड नाही. सप्तक तेवढं जुळतं आणि तेवढ्यावर नातं सांगू नये. पण मधला जो घरी बसणारा आवाज आहे त्याचा गंधार कोमल आहे. म्हणजे एक आवाज शुद्ध गंधारावर असताना कधी कधी दुसरा कोमल गंधार धरतो, एकाच क्षणी, आणि चेलोच्या त्या जाड लाकडी आवाजात दोन गंधार एकमेकांवर घासतात. आमच्याकडे मुलीनं असं केलं तर मी तिला थांबवीन. इथे ते अकरा-बारा मिनिटांत पुनःपुन्हा येतं आणि दर वेळी लगेच सुटतं. दुखऱ्या जागेवर हात ठेवून उचलावा तसं. प्रत्येक आवर्तनानंतर लाकडावर टकटक असा एक छोटा थांबा आहे, मग तीच चाल आणखी खालून सुरू.

दुसरा तुकडा, जो मी पंखा बंद करून पहिल्यांदा ऐकला, तो ‘कांटुस’. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराच्या स्मरणार्थ. ब्रिटन 4 डिसेंबर 1976 रोजी गेले. पॅर्ट यांना त्यांचं संगीत नुकतंच कळू लागलं होतं, भेटायची इच्छा होती, ती राहिली.

पाच मिनिटांची रचना. एक घंटा आणि तंतुवाद्यं. घंटा फक्त पांढरी सहा देते. तंतुवाद्यं एकच काम करतात, वरच्या सा पासून खाली उतरतात. आधी नुसता सा. मग सा नी. मग सा नी ध. दर वेळी वर परत जाऊन एक पायरी जास्त. आमच्याकडे मुलींना पहिल्या महिन्यात देतो तो हा अवरोहाचा पलटा आहे, याहून साधं काही असू शकत नाही. पण तो पाच आवाज एकाच वेळी पाच लयींत म्हणतात. सगळ्यात खालचे डबल बास ठायीत, त्यावरचे चेलो दुगुणीत, मग चौगुण, मग आठपट, आणि सगळ्यात वरची व्हायोलिनं सोळापट. एकच पलटा. वरचे भरभर जिने उतरतात, खालचा एकेका पायरीवर उभा असतो. पाच मिनिटं आवाज वाढत जातो, आणि ज्याला त्याला आपला मुक्कामाचा सूर सापडला की तो तिथेच थांबून राहतो. वरचे आधी पोचतात, पण पोचून गप्प होत नाहीत, धरून ठेवतात, सगळ्यात सावकाश येणाऱ्या बासची वाट बघत. शेवटी सगळे आले की नुसता एक जमाव उभा असतो, कोमल गंधाराचा, जड, मोठा.

आणि मग एकदम सगळी वाद्यं थांबतात. इथे कान द्या. वाद्यं थांबायच्या जरा आधी घंटेवर एक हलका टोला पडलेला असतो. तो पडल्याचं कळतच नाही, वाद्यांच्या आवाजात बुडालेला असतो. वाद्यं थांबल्यावर तो उघडा पडतो. आणि त्या घंटेच्या नादात, सा च्या वर, शुद्ध गंधार आहे.

पाच मिनिटं सगळे कोमल गंधारावर उभे होते, आणि शेवटी कुणीही न वाजवलेला शुद्ध गंधार हवेत राहतो. तोडी गाताना तानपुऱ्यातून येणारा शुद्ध गंधार हा आमच्याकडे डोकेदुखीचा विषय. गायिका कोमल गंधारावर असते आणि मागे तार आपली शुद्ध सांगत असते. मी चौतीस वर्षं तो झाकायचा प्रयत्न केला, तारेवर बोट हलकं ठेवून, जवारी थोडी बंद करून. मिरजेच्या ज्या कारागिरांकडे मी जवारी काढायला जाते ते म्हणायचे, ‘ताई, तो जात नाही. तो घोडीत नाही, तारेत आहे.’ या माणसानं तो झाकला नाही. सगळ्यांना गप्प केलं आणि त्याला बोलू दिलं. पहिल्यांदा मला हे कळलं तेव्हा मी तानपुरा काढला, घंटेच्या सा ला मिळवला, खुंटी किंचित चढवावी लागली, आणि शेवटची दोन मिनिटं परत परत लावून त्याच्याबरोबर छेडत बसले. घरात कुणी नव्हतं. मी बाईंसाठी रडले, त्या गेल्या तेव्हा रडायला फुरसत झाली नव्हती.

याच ‘कांटुस’ची आणखी एक हकिगत आहे. जानेवारी 1980 मध्ये पॅर्ट कुटुंबाला देश सोडावा लागला. नवरा-बायको, दोन मुलगे, सात सुटकेसा. ब्रेस्त या सरहद्दीवरच्या स्टेशनात झडती झाली. पोलिसांना तबकड्या सापडल्या, त्यांनी त्या तिथेच वाजवून बघितल्या. त्यात ‘कांटुस’ होती. मोठं रिकामं स्टेशन आणि त्यात ही घंटा. पॅर्ट यांनी पुढे मुलाखतीत सांगितलंय की पोलीस त्यानंतर फार चांगले वागले. आधी व्हिएन्ना, मग 1981 पासून बर्लिन. एस्टोनियाला कायमचे परतले ते 2010 साली.

परदेशातल्या पहिल्या वर्षांत ईसीएमचे मानफ्रेड आयशर गाडी चालवत होते, रेडिओवर ‘ताबुला रासा’ लागलं, त्यांनी गाडी थांबवून ऐकलं आणि मग हा कोण याचा शोध घेतला. त्यातून ही सीडी, आणि तिच्यापासून कंपनीची ‘न्यू सिरीज’ ही नवी मालिका सुरू झाली.

तक्रारी आहेत. चौथा तुकडा ध्वनिमुद्रणाच्या दर्जात बाकीच्यांपेक्षा डावा आहे. तो नोव्हेंबर 1977मध्ये बॉन शहरात प्रत्यक्ष मैफलीत टिपलेला आहे, जर्मन रेडिओनं. सभागृहातली चाहूल, खोकणं, सगळं येतं. स्वच्छ आवाजाची सवय असलेल्यांना खटकेल. मला स्वतःला मैफलीतली चाहूल आवडते, पण अगदी शेवटच्या क्षणी ती नको होती. दुसरं, पहिला आणि तिसरा तुकडा एकच असल्यामुळे ज्याला ‘चार रचना मिळतील’ असं वाटेल त्याची निराशा होईल. तिसरं, हे संगीत हल्ली ‘मन शांत करणारं’, ‘झोपेसाठी’ अशा याद्यांत टाकतात. कृपा करून तसं वापरू नका. खयालाची विलंबित बडी आलापी झोप यावी म्हणून नसते. यात एकेक सूर नियमानं बांधलेला आहे, आणि तो नियम कानानं शोधत ऐकलं तरच यातली तळमळ हाताशी लागते.

चौथ्या तुकड्याचं पहिलं वादन टॅलिनमध्ये 30 सप्टेंबर 1977 रोजी झालं. एरी क्लास वाद्यवृंद चालवत होते, दोन व्हायोलिनांवर क्रेमर आणि तात्याना ग्रिन्देन्को, पियानोवर स्वतः संगीतकार असलेले आल्फ्रेड श्निट्के. बॉनच्या या मुद्रणातही वादक तेच तिघे आहेत, वाद्यवृंद लिथुआनियाचा, साउल्युस सोन्देत्स्किस यांचा. रचनेचा कागद पहिल्यांदा बघून वादकांनी म्हणे विचारलं होतं, यात संगीत कुठे आहे? पानावर इतकं कमी लिहिलेलं होतं.

पियानो साधा नाही. त्याच्या तारांमध्ये स्क्रू अडकवून ठेवतात, त्यामुळे सुराला घंटेसारखी, किंचित फुटकी झणझण येते. हे वाचून मला हसू आलं, आनंदाचं. आम्ही घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतो तो आणखी कशासाठी? सुताची जागा केसभर हलली तर नाद मिटतो. तो स्क्रू कुठे बसवायचा यासाठी श्निट्के यांनी किती वेळ घालवला असेल, ते मला इथे सांगलीत बसून समजतं.

दोन भाग आहेत. पहिला ‘लुडुस’, म्हणजे खेळ. सुरुवातीचा तो जोराचा सूर, मग लांब शांतता, मग वाजवणं, मग आधीपेक्षा थोडी कमी शांतता, असं करत करत शांतता संपत जाते आणि वाजवणं वाढत जातं, शेवटी कल्लोळ. मी तो दर वेळी ऐकत नाही. दुसरा भाग ‘सिलेंटियुम’, म्हणजे मौन. त्यासाठीच ही सीडी विकत घ्यावी. सतराएक मिनिटं. व्हायोलिन सा भोवती फिरतं, एक पाऊल दूर जातं, परत येतं, पुढच्या फेरीत आणखी एक पाऊल. बाकीची वाद्यं तेच करतात, आपापल्या संथ गतीनं. फेरी लांबत जाते, आणि फेरीगणिक तो स्क्रूवाला पियानो एकदा खालून वर झणकारतो. तानपुऱ्याच्या चार तारा एकदा, आणि मग पुढचा झणकार यायला दर वेळी थोडा जास्त वेळ. मला यात माझा हात दिसतो. मैफल संपत आली की हात आपोआप सावकाश होतो.

शेवटाकडे वाद्यं एकेक करून गळत जातात. वरची आधी, मग त्याच्या खालची, आपली उतरण पुढच्याच्या हाती देऊन. अखेरीस फक्त डबल बास उरतो. तो खाली उतरत येतो, म, ग, रे, आणि थांबतो. सा नाही. तो लिहिलेलाच नाही, त्याच्या जागी कागदावर रिकाम्या मात्रा आहेत.

गेल्या महिन्यात मी हा भाग मुलींना ऐकवला. बुधवारचा वर्ग, सहा जणी, तानपुरे भिंतीला टेकवलेले. रचनेबद्दल काही सांगितलं नव्हतं. दोघी चुळबुळ करत होत्या, एक खिडकीबाहेर बघत होती. बास रे वर थांबला. खोलीत काहीच नाही. आणि नऊ वर्षांची जी सगळ्यात धाकटी आहे, जी अजून पलट्यांच्या पुढे गेलेली नाही, तिनं अगदी हळू, कुणालाही न विचारता, सा लावला. लगेच दचकून माझ्याकडे बघितलं, चुकलं का म्हणून. मी मान हलवली. मग बाकीच्याही तिच्यात मिसळल्या, आणि मी भिंतीचा तानपुरा ओढून घेतला.